गावात घर बांधताना आर्किटेक्ट-इंजिनियर कधी आणि कसा लावायचा : पहिल्या खड्ड्यापासून प्लास्टरपर्यंत

"सळाख घेऊन ठेवली, बोअर झाली, मिस्त्रीला विसारही देऊन झाला. आता नकाशा तेवढा काढून द्या."

कापसाचे पैसे हातात आले की जानेवारी-फेब्रुवारीत असे फोन सुरू होतात. फोन करणाऱ्याला वाटतं, निम्मं काम उरकलं. खरं म्हणजे त्याने तीन निर्णय घेऊन टाकलेले असतात आणि तिन्ही नकाशानंतर घ्यायचे होते. सळाख किती जाडीची आणि किती क्विंटल, हे डिझाइन सांगतं. बोअर कुठे मारायची, हे सेप्टिक टँक कुठे येणार त्यावर ठरतं. आणि मिस्त्रीचा दर कशाच्या मापाने ठरवायचा, हे नकाशा समोर असल्याशिवाय बोलताच येत नाही.

मी आर्किटेक्ट नाही. डिप्लोमा करून वर्धा-यवतमाळ पट्ट्यात साइटवर उभा राहणारा माणूस आहे, त्यामुळे कुणाची फी वाढवून द्यायची मला हौस नाही. पण दरवर्षी एकच चूक दिसते. गावातले लोक नकाशावर पैसे खर्च करत नाहीत असं नाही. बँकेला आणि ग्रामपंचायतीला दाखवायला एक कागद विकत घेतात, फाइलला लावतात आणि घर मिस्त्रीच्या डोक्यातून बांधतात. "आमचा मिस्त्री वीस वर्षापासून घरं बांधून राह्यला, त्याले कायचा नकाशा पाह्यजे?" हे तर ठरलेलं वाक्य. मिस्त्रीचा हात चांगला असतो, यात वाद नाही. पण तुमच्या प्लॉटखाली काय आहे, ते त्यालाही दिसत नाही.

खालचा क्रम हजार-बाराशे चौरस फुटांचं, आरसीसी (सळाख घातलेल्या काँक्रीटच्या) कॉलमचं घर धरून लिहिला आहे.

## १. तारीख मृगापासून उलटी मोजा

मृग लागायच्या आत स्लॅब पडला पाहिजे, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून मार्चमध्ये नारळ फुटतो आणि स्लॅब येतो मे महिन्याच्या मध्यावर. पारा ४५ च्या पुढे, विहिरीने तळ गाठलेला, क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, पाणी टँकरने. काँक्रीटसाठी याहून वाईट महिना नाही.

दसऱ्याच्या सुमारास डिझाइनच्या माणसाशी बोलणं सुरू करा. दिवाळीनंतर जमीन तपासा. नोव्हेंबर-डिसेंबर नकाशाला द्या, जानेवारीत खोदकाम करा. मार्चअखेर स्लॅब पडतो आणि एप्रिलमध्ये भिंतींना द्यायला थोडं तरी पाणी उरतं. पैसा कापूस विकल्यावरच येणार असला, तरी या पहिल्या दोन महिन्यांना मोठी रक्कम लागत नाही. लागतो तो वेळ, आणि नेमका तोच वाचवायला लोक जातात.

रेतीचंही असंच. पावसाळ्यात घाट बंद असतात, ते उघडेपर्यंत दर चढलेला असतो. रेती किती ब्रास लागेल हा आकडा डिसेंबरात हाती असला, तर घासाघीस करायला जागा राहते.

## २. जागेचा कागद आणि जागेची हद्द

गावठाणात घर असेल तर लोक नमुना ८ पुढे करतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळते, ती काढून घ्या. शेतात बांधायचं असेल तर सातबारा आणि अकृषिक वापराचा प्रश्न आधी तलाठ्याकडे जाऊन सोडवा. परवानगी ग्रामपंचायतीत होईल की नगररचना खात्यापर्यंत जावं लागेल, हे बांधकामाच्या आकारावर आणि जागेवर ठरतं. नकाशा काढणाऱ्याला ते पहिल्याच भेटीत विचारा. ते सांगता आलं नाही, तर तो या भागात काम करणारा नाही असं समजा.

हद्दीचं मात्र जास्त गंभीर आहे. भावाभावांत वाटणी तोंडी झालेली असते, "या बाभळीपासून त्या खुंट्यापर्यंत". मोजणी न करता त्यावर नकाशा काढला की भिंत प्लिंथला (जोत्याला) आल्यावर भांडण उभं राहतं आणि अख्खा नकाशा दीड फूट सरकतो. नकाशा सरकला की कॉलम सरकतात, मग डिझाइनला अर्थ उरत नाही. वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. वाद नसेल तर निदान शेजाऱ्याला सोबत घेऊन टेप लावा आणि चारही कोपऱ्यांना दगड गाडा.

तपासा : चारही बाजूंची मापं आणि दोन्ही कर्णांची मापं कागदावर आहेत का? गावातला प्लॉट क्वचितच काटकोनात असतो. फक्त लांबी-रुंदी दिली तर डिझाइनवाला काटकोन धरून चालतो, आणि एका कोपऱ्यात जागा कमी पडते.

## ३. कोणाकडे कशासाठी जायचं

इथे चार वेगवेगळी माणसं आहेत आणि गावात चौघांनाही "इंजिनियर साहेब" म्हणतात.

आर्किटेक्ट खोल्यांची मांडणी, उजेड, वारा, ऊन, जिना, घराचं रूप पाहतो. स्ट्रक्चरल इंजिनियर फुटिंग (कॉलमखालचा पाया), कॉलम, बीम, स्लॅब यांचा हिशोब करतो. परवानगीचे कागद सही करून देणारा परवानाधारक इंजिनियर तिसरा. आणि रोज साइटवर पाहणारा सुपरवायझर चौथा. लहान घराला दोन-तीन कामं एकच माणूस करू शकतो, त्यात वावगं काही नाही. पण कोणतं काम कोण करणार आणि कोणतं कुणीच करणार नाही, हे आधीच विचारा. बहुतेक गावांत स्ट्रक्चरल हिशोबाचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नसतं. नकाशावर कॉलम दाखवलेले असतात, त्यात सळाख किती ते मिस्त्री ठरवतो.

नाव तपासणं सोपं आहे. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. त्या नोंदणीचा क्रमांक 'सीए' या अक्षरांनी सुरू होतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. क्रमांक मागितल्यावर चिडणाऱ्या माणसाला चहा पाजून निरोप द्या.

ज्याला काम देणार, त्याच्या नकाशावर बांधलेलं, किमान तीन पावसाळे पाहिलेलं घर बघायला मागा. नवं घर सगळ्यांचं छान दिसतं. जमलं तर एप्रिल-मेच्या दुपारी तीन वाजता जा आणि मालकाला नाही, मालकिणीला विचारा की कोणत्या खोलीत बसवत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल असेल तर मिळणाऱ्या अनुदानात वेगळी फी बसत नाही, हे मान्य. पण पंचायत समितीत गृहनिर्माण अभियंता असतो. खोदकामाआधी त्याला जागेवर आणा. लोक त्याला हप्त्याचा फोटो काढायला येणारा माणूस समजतात आणि पाया भरून झाल्यावरच भेटतात. २५ चौरस मीटरचं घरही काळ्या जमिनीवर तसंच तडकतं.

## ४. खड्डा : याच्याशिवाय पुढे जाऊ नका

सगळ्या लेखातून एकच टप्पा पाळणार असाल तर हा पाळा.

आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगेत हात जातो, हे आपण लहानपणापासून पाहतो. तीच माती घराखाली असते, तेव्हा मात्र विसरतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घरात मला बोलावलं होतं. तीन वर्षांचं घर. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग छतापर्यंत गेली होती. मे महिना होता, भेगेत आगपेटीची काडी आरामात जात होती. मालक म्हणाले, "पोळ्यापर्यंत आपोआप बुजते, दिवाळीनंतर उघडते." दरवर्षी ते त्यात सिमेंट भरत होते आणि दरवर्षी ते सिमेंट गळून पडत होतं. भिंतीलगत खणून पाहिलं. फुटिंग चार फुटांवर, काळ्या मातीतच टेकलेलं. मुरूम लागला सात फुटांवर. शेजारच्या घराला चार फुटांवर मुरूम लागला होता, म्हणून मिस्त्रीने इथेही चारच धरले होते. आता त्या घराला काय करायचं, याचं स्वस्त उत्तर माझ्याकडे नव्हतं.

म्हणून नकाशा पक्का होण्याआधी प्लॉटच्या दोन टोकांना खड्डे घ्या. माणूस उतरून पाहू शकेल एवढा रुंद, आणि पक्का मुरूम लागेपर्यंत खोल. काळ्या मातीच्या कडा ढासळतात, खाली माणूस असताना वर दुसरा माणूस हवाच, आणि पावसाळ्यात हा उद्योग करू नये. खड्ड्याच्या भिंतीला टेप लावून फोटो काढा : काळी किती फूट, पिवळट माती किती, मुरूम कुठून. हे फोटो आणि मातीचा नमुना स्ट्रक्चरल इंजिनियरला द्या. मुरूम हाताशी असेल तर साधी फुटिंग चालतात. दहा-बारा फुटांपर्यंत काळीच निघाली, तर तो तळाशी फुगवटा असलेल्या पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यायला सांगेल. नदीकाठच्या आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खोल जमिनीत ही वेळ येते. खर्च वाढेल. पण तो आकडा आत्ता कळला तर एक खोली कमी करून तुम्ही तो भागवू शकता. प्लिंथनंतर कळला तर काही करता येत नाही.

सावधान : खड्ड्यातून निघालेली काळी माती प्लिंथच्या आत भरू नका. वाहतूक वाचते म्हणून ही चूक सर्रास होते. मग कॉलम जागच्या जागी राहतात आणि फरशी मधोमध फुगते. आत मुरूमच भरायचा, थराथराने, पाणी मारून आणि ठोकून.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक तपासणी लागते. बोअरचं पाणी खारं असेल तर ते काँक्रीटमध्ये जाऊन आतली सळाख गंजवतं. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्या, अहवाल इंजिनियरला दाखवा. 'जनावरं पितात' हा पुरावा नाही.

## ५. गरजांचा कागद : "दोन बेडरूम, हॉल, किचन" एवढंच सांगू नका

डिझाइनचा माणूस बहुतेक नागपूर-अमरावतीत राहतो. तुम्ही "टू बीएचके" म्हणालात की तो शहरातला फ्लॅट काढून देतो, आणि दोष तुमचा असतो. त्याला तुमचा दिवस सांगा.

कापूस कुठे ठेवता? भाव यायची वाट पाहत फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस घरात राहतो. वेगळी खोली नसेल तर तो नव्या हॉलमध्ये येतो, पोरांच्या अंगाला खाज सुटते, आणि टाइल्सचा हॉल चार महिने गोदाम होतो. त्या खोलीला बाहेरून दार हवं, बैलगाडी नाही तर ट्रॅक्टरची ट्रॉली टेकेल एवढं रुंद, आणि आत विजेचं बटण-बोर्ड शक्यतो नको. भंडारा-गोंदियाकडे हाच प्रश्न धानाच्या पोत्यांचा.

ढोरांचा कोठा आणि कुटार (वैरणीचा भुसा) कुठे? पश्चिमेच्या वाऱ्याने वास स्वयंपाकघरात येईल का? आई-बाबा रात्री किती वेळा उठतात? त्यांच्या बाजेपासून संडास किती पावलं, मध्ये पायरी किती? लग्नाचा मांडव अंगणात पडणार असेल तर अंगणाच्या मधोमध टाकी नको. सरपण, चूल, पाणी तापवायची जागा, आंघोळीआधी चिखलाचे पाय धुवायचा नळ. हे सगळं लिहून द्या. वास्तू मानत असाल तर तेही आत्ताच सांगा. नकाशा झाल्यावर वास्तुवाल्याला आणून जिना फिरवला की बीम कुठे जाईल, हे दोघांनाही सांगता येत नाही.

आणि कूलर. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्या भागात घर चुकतं ते इथेच. कूलर म्हणजे खिडकीत ठोकलेला डबा नव्हे. तो जेवढी हवा आत ढकलतो तेवढी दुसरीकडून बाहेर गेली पाहिजे. समोरच्या भिंतीला उघडी खिडकी किंवा वर झरोका नसेल तर तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि लोक कूलरला शिव्या घालतात. म्हणून प्रत्येक झोपायच्या खोलीसाठी नकाशावर चार खुणा मागा : कूलरची खिडकी, तिच्यासमोरची हवा जायची वाट, कूलरजवळ पाण्याचा नळ, कूलरजवळ जाड पिनेचं सॉकेट. कूलरची खिडकी जमेल तर उत्तरेला किंवा पूर्वेला सावलीत. पश्चिमेच्या उन्हात तापलेला कूलर काय थंड करणार?

ऊनही नकाशातच अडवायचं असतं. मेच्या अखेरीस आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, म्हणजे सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब. त्याखालोखाल पश्चिमेची भिंत. पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, कापसाची खोली टाका, झोपायची खोली टाकू नका. पश्चिमेला मोठी काच लावलेल्या 'मॉडर्न' एलिव्हेशनचा (दर्शनी बाजूचा) फोटो मोबाइलवर घेऊन येणारे दर आठवड्याला एक भेटतात. खोल छपरी काय करते ते पाहायचं असेल तर मे महिन्यात सेवाग्रामला बापूकुटीच्या ओसरीत दहा मिनिटं बसून या आणि मग घरच्या पत्र्याखाली बसा.

तपासा : कागदावर माणसं, जनावरं, पिकं, गाड्या आणि पुढची दहा वर्षं आहेत का? वर मजला चढवायचा असेल तर ते आज सांगायचं. फुटिंग नंतर मोठं करणं फार अवघड जातं.

## ६. नकाशा जमिनीवर उतरवून पाहा

कागदावर १० बाय १० ची खोली मोठी दिसते. नकाशा आला की सही करण्याआधी फक्की (चुन्याची भुकटी) आणि सुतळी घ्या आणि प्लॉटवर पूर्ण मापात खोल्या आखा. दारांच्या जागा मोकळ्या सोडा. मग घरातली बाज, कपाट असेल तेवढी जागा, शिलाई मशीन प्रत्यक्ष ठेवून पाहा. घरातल्या बायांना स्वयंपाकघराच्या चौकोनात उभं करा. ओटा कुठे, पाणी कुठून येणार, दार उघडलं की कुणाला लागतं.

अर्धा दिवस जातो. माझ्या पाहण्यात असं एकही घर नाही, ज्यात या अर्ध्या दिवसात एखादी तरी भिंत हलली नाही. फक्कीची रेघ पायाने पुसता येते.

इथेच प्लिंथची उंची ठरवा. घरापुढच्या रस्त्यावर सिमेंटचा थर येणार, पाच-सात वर्षांनी त्यावर दुसरा. आज रस्त्यापेक्षा एक फूट उंच असलेली घरं उद्या पावसाचं पाणी आत घेतात. अडीच-तीन फूट ठेवा आणि पायऱ्यांना लागणारी जागा आपल्याच हद्दीत धरा.

बदल जेवढे करायचे तेवढे या टप्प्यावर. यानंतर नकाशावर तारीख टाकून दोघांनी सही करायची. जुन्या प्रती फाडून टाका. साइटवर दोन वेगळे नकाशे फिरत असले की मिस्त्री सोपा असेल तो वापरतो.

## ७. कोणते कागद मागायचे आणि फी कशी द्यायची

रंगीत एलिव्हेशन हा नकाशा नव्हे. घर बांधायला लागतात ते हे कागद : मापांसह मजल्याचा नकाशा, कॉलमच्या मध्यरेषांचा नकाशा, फुटिंग आणि प्लिंथ बीमची सळाख, स्लॅब-बीमची सळाख, घराचा उभा छेद, दार-खिडक्यांचा तक्ता, वीज आणि पाण्याच्या लाइनी, सेप्टिक टँक व शोषखड्ड्याची जागा. शेवटी सामानाचा अंदाज : सिमेंट किती पोती, सळाख कोणत्या जाडीची किती किलो, रेती-गिट्टी किती ब्रास, विटा किती. हा शेवटचा कागद हातात आल्यावर सळाख विकत घ्यायची, आधी नाही.

"मजबूत होऊ द्या" म्हणून मिस्त्री काय करतो ते एका उदाहरणात सांगतो. ८ मिलिमीटरची सळाख मीटरमागे सुमारे ३९५ ग्रॅम भरते, १० ची ६१७ ग्रॅम. जिथे ८ पुरते तिथे तेवढ्याच अंतरावर १० टाकली की सळाखेचं वजन दीडपटीच्या वर गेलं. हजार फुटांच्या स्लॅबची जाडी ५ ऐवजी ६ इंच केली की ८३ घनफूट काँक्रीट जास्त लागतं, म्हणजे जवळपास सहा टन ओझं त्याच कॉलमांवर. आणि ज्या कॉलमला खरंच जास्त सळाख हवी होती, त्यात मात्र चारच टाकलेल्या सापडतात.

फी कुणी बांधकामाच्या टक्क्यांत घेतं, कुणी चौरस फुटावर, कुणी ठोक. कशीही असो, एकदम देऊ नका आणि शेवटापर्यंत लटकवूनही ठेवू नका. थोडी पहिल्या भेटीला, थोडी नकाशा पक्का झाल्यावर, मोठा भाग बांधकामाचे सगळे कागद हातात आल्यावर, आणि उरलेली साइटच्या भेटींना वाटून. भेटींचा दर वेगळा लिहून घ्या, प्रवासासह. नागपूरहून आर्णीला यायला त्याचा दिवस मोडतो. "फुकट येऊन जातो" म्हणणारा माणूस येत नाही.

## ८. ठेका नकाशा जोडून लिहा

आता मिस्त्री. दर चौरस फुटावर बोलतात, पण कोणता चौरस फूट? स्लॅबच्या मापाने की भिंतीच्या बाहेरच्या मापाने? छज्जा, जिना, पॅरापेट, ओटा, सेप्टिक टँक दरात धरले की वेगळे? सेंट्रिंगची (काँक्रीट पेलणाऱ्या तात्पुरत्या साच्याची) बल्ली-प्लेट कुणाची? क्युरिंगचं पाणी कोण मारणार? ही पाच-सहा वाक्यं कागदावर लिहा, मागे नकाशा जोडा, दोघांनी सही करा.

एक अट मात्र जरूर टाका : इंजिनियरने सळाख पाहिल्याशिवाय काँक्रीट टाकायचं नाही. मिस्त्री जुना, ओळखीचा असेल तर त्याला हे अपमानासारखं वाटतं. त्याला आणि डिझाइनवाल्याला एकदा समोरासमोर बसवा, नकाशा उलगडा, मिस्त्रीला शंका विचारू द्या. चांगल्या मिस्त्रीच्या शंका कामाच्या असतात. मी पाहिलेल्या निम्म्या भांडणांचं मूळ एवढंच होतं की हे दोघे कधी भेटलेच नव्हते.

## ९. साइटवर कोणत्या दिवशी इंजिनियरला हजर ठेवायचं

रोज नको. या दिवशी मात्र हवाच.

आखणीचा दिवस. दोरी बांधून झाली की कर्ण मोजा. ३० बाय ४० चा आयत असेल तर दोन्ही कर्ण ५० फूट आले पाहिजेत. दोन इंचांचा फरक दिसला तरी दोरी सोडून पुन्हा बांधा. भूमिपूजनाचा मुहूर्त सकाळी असेल तर आखणी आदल्या दिवशी उरका, भटजींच्या घाईत गुण्या (काटकोन पाहायचं साधन) लागत नाही.

खड्ड्याचा तळ. प्रत्येक खड्ड्यात मुरूम लागला का, हे त्याने वरून नाही, खाली उतरून पाहायचं. एकाच खड्ड्यात काळी लागली तर तोच खोल करायचा. वाळवीचं, म्हणजे आपल्या उदईचं औषध पायात आणि प्लिंथच्या भरावावर काँक्रीट पडण्याआधीच मारायचं असतं. फरशी बसल्यावर ते तळाशी पोचत नाही.

फुटिंग आणि कॉलमची सळाख. कॉलमच्या सळाखांभोवतीच्या रिंगांची टोकं आतल्या बाजूला नीट वळवली आहेत का, नुसता काटकोन मारून सोडलेली नाहीत ना, हे पाहा. फुटिंगला खालून ५० मिलिमीटर, कॉलमला ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण लागतं. त्यासाठी कव्हर ब्लॉक मिळतात. गिट्टीचा तुकडा खाली सरकवून चालत नाही, तो काँक्रीट टाकताना निसटतो आणि सळाख जमिनीला टेकते.

सावधान : "इथे कॉलम दारात येतो, एक फूट सरकवू" हे वाक्य ऐकलं की काम थांबवा आणि फोन लावा. सरकलेल्या कॉलमवर वरचा बीम बसत नाही.

स्लॅबच्या आदल्या दिवशी. सळाखेची जाडी, अंतर, आधारावरून वर वळवलेल्या सळाखा, पंख्याचे हूक, विजेचे पाइप. स्लॅबखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक. बल्ल्या मातीवर उभ्या असतील तर खाली फळ्या.

स्लॅबचा दिवस. पहाटे सुरू करा, उन्हाआधी निम्मा उरका. एका पोत्याला पाणी २५-२७ लिटरच्या आसपास, मिक्सरवाल्याला बादली मोजून द्या. पातळ माल टाकायला सोपा म्हणून तो पाणी वाढवतो, आणि गळका स्लॅब तिथेच तयार होतो. संध्याकाळी ओलं पोतं, दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी. फ्लाय ॲश मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर किमान दहा दिवस ओलं ठेवा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या बल्ल्या सात दिवसांआधी नाही, बीमखालच्या चौदा दिवसांआधी नाही. सेंट्रिंगवाल्याला पुढच्या साइटची घाई असते, त्याचं भाडं चुकवून द्या पण बल्ली हलवू देऊ नका.

प्लास्टरच्या आधी. पाण्याच्या लाइनींत पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी प्रत्येक जोड हाताने चाचपा. बटणांच्या जागा घरातल्या माणसांना उभं करून पाहा. कूलरचं सॉकेट आणि नळ नकाशाप्रमाणे आले का? मी गेलेल्या दर दुसऱ्या घरात कूलरचा नळ राहिलेला असतो, आणि मग पुढे आयुष्यभर बादलीने पाणी.

हे झालं की प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप उघडी धरून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती फुटांवर आहे ते दिसेल. मोबाइल पडतो, फुटतो, फोटो जातात. तेव्हा ते छापून घ्या आणि सह्या झालेल्या नकाशासोबत त्याच पेटीत ठेवा, जिच्यात सातबारा आणि नमुना ८ आहे. पाच वर्षांनी पोरगा गीझर लावायला ड्रिल मशीन घेऊन येईल, तेव्हा त्याला आधी ती पेटी उघडायला सांगा.